एकविसाव्या दिवसाचं पाणी

"नाई ताई, मशीन नका काढू. मी काय बोलतो, मशीन एकदम अच्छी आहे. कॉइल तांब्याची आहे, कंप्रेसर बघा ना कसा चुपचाप चालून राहिला. अशी मशीन आता भेटत नाई."

"मग पाणी का गळतं, ज्ञानदीपजी? एप्रिलपासून ही तिसरी खेप."

"पानी तर क्या है ना ताई, कोणच्या पन मशीनचं टपकते."

"टपकेना का! पण मामा पडले ना त्या पाण्यात."

ज्ञानदीप खरात शिडी चढता चढता थांबला. एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर अन् एक फरशीवर, असा तो अवघडून उभा राहिला. डोक्यावर भिंतीला एसी, पुढ्यात वसुधाताई, अन् खिडकीशेजारी खुर्चीत तिचे सासरे रामभाऊ, उजव्या मनगटाला पट्टी गुंडाळलेले.

वसुधाताई कराडकडची. सात वर्षांमागं इंदूरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला आली, नवरा प्रणव पीथमपूरच्या कारखान्यात लागला, अन् राजेंद्र नगरात दुसऱ्या मजल्यावर त्यांनी बिऱ्हाड थाटलं. सासऱ्याला ती गावच्या रीतीनं मामा म्हणायची. काल पहाटे मामा उठले, पाय खाली टाकला तो गळलेल्या पाण्यात. टाइलवर पाय सटकला अन् सगळा भार हातावर आला. हाड शाबूत राहिलं, पण तीन आठवडे हातानं काही उचलायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं. वसुधाताईनं त्याच दुपारी जुना देऊन नवा एसी ठरवून टाकला. कंपनीची माणसं आज पाचला यायची होती. ज्ञानदीपला बोलावलं ते दुरुस्तीला नव्हेच. जुनं धूड उतरवून दारापाशी ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

"काढायचे काय होतील ते घ्या," ताई म्हणाली, "पण आता हे डोक्यावर नको."

आता गोची अशी की त्या मशीनला काडीचाही रोग नव्हता. पाणी गळत होतं ते ज्ञानदीपनं गळवलेलं. आपल्या हातानं, समजून उमजून, एकदा नव्हे, दोनदा.

असं करणारा माणूस तो नव्हता, हे आधी सांगायला पाहिजे. या गावात एसीवाले माणशी एक आहेत, अन् त्यातल्या निम्म्यांचं शास्त्र म्हणजे दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला. पंखा वाजला, गॅस भरा. रिमोटचे सेल संपले, तरी गॅस भरा. ज्ञानदीप अकरा वर्षं शारजाला राबून आलेला. तिथल्या फोरमननं त्याला एकच गोष्ट घोकायला लावली होती, की चांगल्या मशीनला वाईट म्हणायचं नाही. साबणाचा फेस लावून जोड न् जोड तपासल्याशिवाय तो गॅसचं नाव काढायचा नाही. त्यानं धुतलेला एसी पुढच्या रंगपंचमीपर्यंत चूं करायचा नाही.

अन् तिथंच त्याचं घोडं पेंड खायचं. ज्याचं काम कच्चं, त्याला लोक महिन्यातून दोनदा बोलावतात, शिव्या घालतात, पोराबाळांची चौकशी करतात. ज्याचं काम पक्कं, त्याचं तोंड वर्षाला एकदा दिसतं, अन् तेवढ्यात माणसं ते विसरूनही जातात. सातशे घरांचे नंबर ज्ञानदीपच्या फोनमध्ये होते. नावं माणसांची नव्हतीच, एक सोडून. 'बिजलपूर दीड टन', 'अन्नपूर्णा विंडो', 'गुमाश्ता नगर, कुत्रा आहे'. त्या सातशे फोनांत हाही नुसता 'एसीवाला'.

एसी राहतो तो निजायच्या खोलीत. जिथं सख्ख्या पाहुण्याला नेत नाहीत तिथं याला सरळ नेतात. "वो रहा," म्हणून बोट दाखवतात अन् निघून जातात. मग खोलीत हा एकटा, ते उशीखालचं अर्धं वाचलेलं पुस्तक, ते झोपेच्या गोळ्यांचं पाकीट, अन् नवराबायकोच्या दोन खोल्या झाल्याचं सांगणारा दुसरा एसी. सगळं बघायचं अन् काही बघितलं नाही अशा तोंडानं मशीनखाली प्लास्टिकची झोळी बांधायची, पंपानं पाणी मारायचं. दिवसाला आठ घरं. आठ घरांत मिळून कानावर पडायचं ते "जूते बाहर", "कूलिंग नहीं आ रही" अन् "हो गया?" यालाही उत्तर म्हणून "हाँ जी" पुरायचं.

बिजलपुरात एका दूध डेअरीच्या वर त्याची खोली. वय चव्वेचाळीस. लग्नाचं वय शारजात गेलं. महूला भावाचं घर आहे, आजा पलटणीत होता तेव्हापासूनचं. घरात मराठी टिकवली ती आईनं. ती दिवसभर त्याला मराठीत शिव्या घालायची, अन् रात्री जेवला नाही तर त्याच मराठीत परत घालायची. चार वर्षं झाली ती गेली. भावाची पोरं हिंदीत बोलतात. चौदा एप्रिलला महूत माणसांचा पूर येतो, ज्ञानदीपही जातो, वंदना करतो, भावाकडं जेवतो, अन् दिवे लागायच्या आत खोलीवर परत येतो. मग कुलूप, गॅसची शेगडी, खिचडी. खालच्या डेअरीतले कॅन वाजतात तेवढाच काय तो शेजार.

तर यंदाच्या एप्रिलच्या आरंभी वसुधाताईचा फोन आला, पाणी गळतंय म्हणून. ती गळती खरी होती. पाइपात शेवाळ धरलं होतं. ज्ञानदीप गेला, अन् खोलीत हा म्हातारा. मागच्या दिवाळीला सून त्याला गावाहून घेऊन आली होती. ज्ञानदीपनं वाट पाहिली, हा उठून जाईल. म्हाताऱ्यानं उलट खुर्चीच पुढं ओढली.

"चालू दे तुजं. मी बगतो."

"बाबा, पानी उडेल अंगावर."

"उडंना. इस्तू उडायचा तितं एकतीस वर्सं काडली, पान्याला काय भ्यायचं?"

रामभाऊ साखर कारखान्यात बॉयलरवर होते. ज्ञानदीपनं गेज लावलं तशी म्हाताऱ्याचे डोळे चमकले.

"ही सुई प्रेशरची न्हवं? आमच्या बॉयलरला आसलीच हुती. तांबड्या रेघंच्या म्होरं गेली की मानसानं बायकूचं नाव घ्यायचं अन् पळायचं."

"कधी पळाले का तुमी?"

"दोनदा. बायकूचं नाव यकदाच घेतलं."

ज्ञानदीप हसला. हसताना हातातला ब्रश खाली पडला, इतकी हसायची सवय मोडली होती. मग म्हाताऱ्यानं गाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनावाच्या प्रश्नात काय बांधून आलेलं असतं ते ज्ञानदीपला ठाऊक होतं. त्यानं सरळ सांगितलं, खरात, महूचा, आजा पलटणीत. म्हातारा "बरं" म्हणाला अन् सुनेला हाक मारली, "वसुधा, दोन ताटं कर. ह्यो आपल्यातच जेवंल." ज्वारीची भाकरी होती, आमटी होती. ज्वारी इंदुरात सहसा घरात दिसत नाही, ती कराडहून पोत्यानं यायची. चाळीस मिनिटांच्या कामाला त्या दिवशी अडीच तास लागले. आईच्या तोंडचे शब्द म्हाताऱ्याच्या तोंडून येत होते, थोडे वेगळ्या हेलात, पण तेच. 'वाईच थांब', 'उगं र्‍हा'. ज्ञानदीप जिना उतरून खाली आला तेव्हा त्याचा घसा बसला होता, बोलून बोलून.

पण त्याच्या आधीची गोष्ट राहिली. काम आवरताना तो मागच्या बाल्कनीत पाइप बसवत होता. एसीचं पाणी वाहून नेणारा पाइप एकसारखा उतरता पाहिजे, म्हणून त्याला भिंतीशी तीन क्लॅम्प. दोन लावून झाले. तिसरा, मधला, हातात होता. आता हे मशीन एक वर्ष गप बसणार, हे त्याच्या मनात आलं. हात थोडा वेळ तसाच राहिला, मग क्लॅम्प खिशात गेला.

मधला क्लॅम्प नसला की पाइपाला पोट सुटतं. पोटात पाणी साचतं, पाण्यात धूळ, धुळीचा गाळ. अन् एक दिवस पाणी पुढं जायचं सोडून मागं फिरतं अन् आतल्या ट्रेमधून भिंतीवर उतरतं. त्यानं हिशोब धरला, एकवीस दिवस. एकोणिसाव्या दिवसापासून तो फोन वरच्या खिशात ठेवायला लागला, गाडी चालवतानाही कळावं म्हणून. एकविसाव्या दिवशी वाजला.

"ज्ञानदीपजी, परत गळायला लागलं हो."

"आता आलो ताई, आता आलो."

रामभाऊंनी तोवर सांगण्यासारखं पुष्कळ साठवून ठेवलं होतं. शिट्टीची गोष्ट, गळिताच्या पहिल्या मोळीची गोष्ट, रात्रपाळीला उसाच्या फडातून साप आला त्याची. ज्ञानदीपनं शारजाची उंटाची गोष्ट सांगितली. पुन्हा दोन ताटं झाली. अन् निघताना पुन्हा तिसरा क्लॅम्प खिशात. पहिल्या वेळी हात चुकला म्हणता आलं असतं. दुसऱ्या वेळी तो बाल्कनीत गेला तोच ठरवून.

वसुधाताई पैसे द्यायची, पाचशे. तो घ्यायचा. नाही घेतले तर संशय येईल.

अन् आता म्हाताऱ्याच्या मनगटाला पट्टी.

"आगं, त्याला कशाला बोलतीस?" रामभाऊ खुर्चीतून म्हणाले. "त्येच्या हाताला गुन हाय. मी दोनदा बगितलंय की. मशीनच नाठाळ निगालं, त्याला त्यो काय करंल? अन् पडलो त्यो मी माज्या कर्मानं. आंधारात चष्मा न लावता उटलो."

"मामा, मी त्यांना बोलत नाहीये." वसुधाताई ज्ञानदीपकडं वळली. आवाज मऊ झाला होता. "तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही दर वेळी धावत आलात. फक्त एकदा खरं सांगा, म्हणजे माझ्या जिवाला चुटपुट नको. मशीन गेलंय ना हे?"

नुसतं "हौ" म्हणायचं होतं. हौ म्हटलं की मशीन उतरवायचं, चहा घ्यायचा, म्हातारा पाठीवर हात ठेवणार अन् गुणाचा माणूस म्हणून लक्षात ठेवणार. या घरात परत येणं तर तसंही नव्हतं, नव्या एसीला कंपनीची माणसं येणार होती. हौ म्हटल्यानं नाव तेवढं शाबूत राहिलं असतं. सातशे घरांपैकी याच एका घरात त्याला नाव होतं.

त्यानं वर बघितलं. मशीन थंड हवा सोडत होतं, काही एक तक्रार न करता.

"मशीन नाई गेली, ताई."

"मग?"

"मी पाइपचा क्लॅम्प नाई लावला. मधला. त्याच्यानं पानी वापस येते."

"राहून गेला असेल गडबडीत."

ही वाट तिनं आपण होऊन मोकळी करून दिली होती. ज्ञानदीपनं शिडीवरचा पाय खाली घेतला.

"राहून नाई गेला. सोडला. दोनी बार. मला मालूम होतं का पानी येईल."

वसुधाताईनं मास्तरणीसारखं त्याच्याकडं एकटक पाहिलं, वर्गात कुणी परीक्षेनंतर स्वतः होऊन कॉपी कबूल करावी तसं.

"का पण?"

ज्ञानदीपनं तोंड उघडलं. दोन ताटांसाठी म्हणावं, का शिट्टीच्या गोष्टीसाठी? चव्वेचाळीस वर्षांच्या बाप्यानं कुणी आपल्याशी बोलावं म्हणून पाइपाला पोट पाडलं, हे वाक्य त्याला मराठीत जुळवता येईना अन् हिंदीतही येईना. तेवढ्यात उत्तर तिनंच देऊन टाकलं.

"पैशासाठी. दर खेपेला पाचशे."

चोर म्हणून घेणं त्याला त्यातल्या त्यात सोपं वाटलं. चोराला निदान माणसं ओळखतात.

"हौ ताई," तो म्हणाला. "पैशासाठीच."

वसुधाताई उठून बाहेर गेली. स्वयंपाकघरातून तिचा फोनवरचा आवाज येत राहिला, नवा एसी आज आणू नका म्हणून. रामभाऊ खुर्चीत होते तसेच. बराच वेळ त्यांनी ज्ञानदीपकडं बघितलं, आधीच्या दोन खेपांना सुईकडं बघायचे तसं.

"किती दिसांत गळंल, ह्येचा आंदाज कसा धरलास?"

"रात्रीचे आठ घंटे मशीन चालते, बाबा. त्याच्यावरून. एकवीस दिवस धरले."

"आन् गळलं कवा?"

"पहिल्या बार एकवीस. ह्या बार अठरा. मे महिन्यात पानी जास्ती निघते."

"हं. घरात तीन मानसं, दार उघडंझाक, त्येबी धरायला पायजे हुतं." म्हाताऱ्यानं कारागिरासारखी मान हलवली. मग ती मान थांबली. "बॉयलरवर आसतास तर एकवीस दिस लागलं नसतं. एका पाळीत चार मानसं गेली आसती."

"हौ, बाबा."

"पैशापायी केलंस?"

ताईला दिलेलं उत्तर इथंही देता आलं असतं. पण म्हातारा एकतीस वर्षं सुया वाचत आलेला. ज्ञानदीप पिशवी उघडून क्लॅम्प शोधत बसला. क्लॅम्प वरच होते.

"माज्या म्होरं लाव," रामभाऊ म्हणाले, अन् डाव्या हातानं खुर्चीचा आधार घेऊन उठले.

बाल्कनीत ऊन तापलेलं. ज्ञानदीपनं भिंतीला छिद्र पाडलं, पाइपाचं पोट आत दाबलं, क्लॅम्प बसवला, स्क्रू पक्का पिळला. मग आत येऊन शिडीवर चढला, पुढचं झाकण काढलं अन् ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतलं. बाहेर पाइपाच्या तोंडातून धार लागली. रामभाऊंनी डाव्या हाताचा अंगठा पाइपावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, उतार चाचपला.

"आता?"

"आता पुढच्या साली पन नाई टपकणार."

"मंग झालं," म्हातारा म्हणाला.

त्या दोन शब्दांत त्यांनी दार लोटून घेतलं. राग नव्हता आवाजात. रामभाऊंच्या लेखी कामात खोट ठेवणारा माणूस पाळीवर घ्यायचा नाही, एवढंच. खरं कारण त्यांनी ओळखलं असलं काय अन् नसलं काय, तो नियम त्यानं बदलणारा नव्हता. ते आत जाऊन पलंगावर टेकले, पट्टीचा हात उशीवर ठेवला अन् भिंतीकडं तोंड केलं.

ज्ञानदीपनं शिडीखाली अंथरलेली चादर झटकली, फरशीवरचे चुन्याचे कण हातानं गोळा केले, अवजारं एकेक करून पिशवीत घातली. रोज पाच मिनिटांत होणारं हे काम त्यानं दहा मिनिटं पुरवलं. कुणी बस म्हणालं नाही. स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो ऐकत त्यानं शिडी खांद्यावर घेतली.

"निघतो, बाबा. हाताला शेक देत जा."

"हं."

वसुधाताई दारापर्यंत आली. पिठाचा हात पाठीमागं धरलेला. सात वर्षांत ती त्याच्याशी कधी हिंदीत बोलली नव्हती. मराठी माणूस मिळाला म्हणून तिनंच त्याचा नंबर शेजारपाजाऱ्यांना दिला होता.

"ठीक है, भैया," ती म्हणाली, अन् दार लावून घेतलं.

जिन्यात शिडी आडवी लागली. ती वळवून तो खाली आला, गाडीला दोरीनं बांधली. उन्हानं सीट भाजत होती. त्यावर फडकं टाकून तो बसला अन् फोन काढला. 'कराड बाबा, राजेंद्र नगर' असा एकच नंबर माणसाच्या नावानं होता. तो काढून टाकावा असं त्याच्या मनात आलं. मग असू दे म्हणून त्यानं ठेवला. बोट तिथंच होतं तेवढ्यात दुसराच फोन वाजला.

"हाँ जी, एसी वाले भिया बोल रहे? बारा बजे का बोला था, साढ़े बारह हो गए यार! अपन पिघल रहे हैं इधर."

"आ रिया हूँ भिया, रास्ते में हूँ. कौन सा माला?"

"चौथा. लिफ्ट बंद है."

चौथ्या मजल्यावर दार उघडलं ते बनियनवरल्या एका माणसानं, कानाला फोन लावून. फोनवर बोलता बोलताच त्यानं ज्ञानदीपच्या चपलांकडं बोट केलं, मग आतल्या खोलीकडं, मग वर भिंतीकडं. अन् निघून गेला. ज्ञानदीपनं घाम पुसला, पलंगावर चादर अंथरली, शिडी लावली. झाकण काढलं तर जाळीवर धुळीचा हा जाड थर, तीन वर्षं कुणी हात न लावलेला.

"गैस भरवानी पड़ेगी क्या?" बाहेरून आवाज आला.

"नहीं जी," ज्ञानदीप वरूनच म्हणाला. "गैस पूरी है. सिर्फ धोना पड़ेगा."

त्यानं मशीनखाली झोळी बांधली, झोळीचं तोंड बादलीत सोडलं अन् पंप चालू केला.